मापासाठी माणूस

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
सुकी सुंगटं आणि चौरीसच्या माळा ओलांडल्या की
कायतान रिबेलो बसतो,
बुटाच्या खोक्यात अख्खं जुनं गोवं घेऊन.
"भाव, हें पळय," म्हणतो,
आणि अंगठ्याने कार्डं चाळतो पत्ते पिसल्यासारखी:
सेचं कॅथेड्रल, एकाच मनोऱ्याचं,
व्हाइसरॉयची कमान, पडायच्या आधीची,
आग्वादचा दीपस्तंभ,
मागे जांभळ्या शाईत लिस्बनचा कुणाचा तरी पत्ता.

मजकूर तोच वाचून दाखवतो, मला पोर्तुगीज येत नाही.
उकाडा फार. आंबे चांगले. आईच्या गुडघ्याचं कळवा.
एकाने खिडकीवर फुली मारलीय: इथे मी झोपतो.
एवढ्या मोठ्या चर्चच्या पाठीवर
माणसं गुडघ्यांबद्दलच लिहीत आली.

रंगीत कार्डं मी घेत नाही.
ती म्हणे परदेशात रंगवून यायची;
रंग देणाऱ्याने जांभा दगड पाहिलेला नसणार,
त्याने तो केला शेवाळी हिरवा
आणि मांडवीला फासलं गुलाबी.
(एक आहे माझ्याकडे. खाली, कपड्यांच्या घडीत.
गुलाबी नदी मला आवडते.)

बत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली,
साखळी, खुंट्या, बांधावरची भांडणं.
म्हणून असेल,
मला मनोऱ्याआधी तो दिसला:
ऑगस्टिनच्या पायथ्याशी उभा,
तिळाएवढा,
कमरेला कास्टी, हातात मिटलेली छत्री.
शोभेसाठी नव्हे. उंची कळावी म्हणून.

मग तो कमानीखाली सापडला. तीच छत्री.
मग आग्वादला, पायरीवर,
एक खांदा जरा खाली,
तेव्हा उमगलं:
कॅमेऱ्याची पेटी हाच वाहायचा.
चढावर ओझं उतरवलं की लगेच
जा, तिथे उभा राहा.
धाप लागलेलीच असणार,
पण कार्डावर धाप उमटत नाही.

नाव कुठेच छापलेलं नाही.
कधी मी त्याला दुलबा म्हणतो, कधी इनास.
भिंग लावलं की चेहरा जवळ येईल असं वाटतं;
येत नाही. माणूस फुटतो,
नुसते ठिपके उरतात, राखाडी,
आणि तेच ठिपके बाजूच्या भिंतीचेही.

कुमुदिनी विचारते,
"अजून किती पडक्या भिंती आणणार घरात?"
भिंती नव्हेत गं, म्हणतो,
कार्ड तिच्यापुढे धरतो,
आणि मलाही भिंतच दिसते.

गेल्या जानेवारीत जुन्या गोव्यात गेलो,
चढावर त्याची जागा पावलांनी काढली:
मनोऱ्यापासून अठरा, डावीकडे चार.
मनोरा आता कार्डातल्यापेक्षा कमी आहे.
सहलीला आलेला एक मुलगा,
कोल्हापूरकडचा असावा, ओरडला,
"काका, हलू नका तिथून. उंचीचा अंदाज येतोय."

हलू नका.
हातांचं काय करायचं कळेना.
छत्री नव्हती. कापडी पिशवी होती,
ती पुढे धरली, मग मागे.
एक खांदा मुद्दाम जरा खाली केला.
झालं, असं तो म्हणाला की नाही, ऐकू आलं नाही;
मी बराच वेळ उभा.

फोटो मी मागितला नाही.
त्यालाही कुणी कार्ड दाखवलं नसावं.

पुढच्या शुक्रवारी रिबेलोकडे शापोऱ्याचा किल्ला निघाला,
एक कोपरा वाळवीने खाल्लेला.
तट सगळा आहे. दरवाजा आहे.
तो नाही.
कशाचीच उंची कळत नाही.
त्या दिवशी तो नाही म्हणाला असेल.

दोनशे सांगत होता. अडीचशे दिले.